होय, सातव्या ओळीत रोग मीच नेला

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. दांड्यांचा लाल रंग उडालाय, स्प्रिंग एकदा बदललीय, एका पात्याला बारीकसा दात पडलाय. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मी अजून कापते, आणि आज जे बोलणार आहे ते जरा तिखट आहे.

आम्ही दोघी जुळ्या बहिणी एकाच पाकिटातून टोमॅटोच्या हरितगृहात आलो. बारा ओळी, दोऱ्यांवर चढवलेली उंच झाडं. खोड आणि पान यांच्या बेचक्यातून बगलफुटी निघतात, त्या छाटायचं आमचं काम. आम्हाला चालवायच्या त्या ताई. त्यांना मालकीणबाईसुद्धा ताईच म्हणत. ताईंच्या कमरेला जंतुनाशकाचा डबा लटकलेला असे. एक झाड मी छाटलं की मी डब्यात, पुढचं झाड बहिणीचं. त्या पाण्याचा उग्र वास मला मुळीच आवडत नसे. पण ताई म्हणायच्या, "छाटणं म्हणजे झाडाला जखम करणं. जखमेला मळका हात लावतं का कुणी?" एवढी वर्षं आमच्या पात्यांवरून एका झाडाचा रोग दुसऱ्याला गेला नाही. हा मोठेपणा नाही, हिशेब आहे.

मग नवे मुकादम आले. माणूस वाईट नव्हता, पण घोड्यावर बसूनच आलेला. ताई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर गेल्या आणि छाटणी मुकादमांनी स्वतःकडे घेतली.

"एका माणसाला दोन कात्र्या? ही कसली चैन!" असं म्हणून त्यांनी बहिणीला शेजारच्या हरितगृहात धाडलं आणि डबा फळीवर ठेवला. "धुऊ की संध्याकाळी."

पहिल्या दिवशी सहा ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी सातवी आणि आठवी. सातवीतलं एकोणिसावं झाड आतून रोगट होतं; ते कापताना त्याचा रस पात्याला चिकटला आणि मी तशीच विसाव्याला भिडले, मग एकविसाव्याला. मला कळत होतं. पण मी कात्री. हात ओढून घ्यायला मला हात कुठे आहेत? संध्याकाळी मला धुतलं खरं. पण ते वरातीमागून घोडं होतं. पुढच्या ओळी मुकादमांच्या इतर कामांच्या घाईत राहूनच गेल्या, आणि त्या राहिल्या म्हणूनच वाचल्या.

ताई परतल्या, तेव्हा सातव्या-आठव्या ओळीतली पानं एका बाजूनं कोमेजली होती आणि दुसऱ्या बाजूनं हिरवीगार होती.

"ऊन लागलं असेल. पाणी वाढवतो," मुकादम म्हणाले.

"उन्हानं कोमेजलं असतं, तर सगळंच पान कोमेजलं असतं." ताईंनी एक खोड उभं चिरलं. सालीखाली तपकिरी रेघ होती. "हा जिवाणूंचा रोग आहे. यावर औषध नाही."

मालकीणबाईंना बोलावणं गेलं. त्यांच्यासमोर मुकादमांनी मला उचललं. "कात्रीच खराब निघाली. भंगारात टाकू, नवी आणू."

मित्रांनो, तेव्हा त्यांचा अंगठा माझ्या पात्यांत असता तर मी गप्प बसले नसते!

"नवी आणलीत तरी न धुता तीही हेच करील," ताई म्हणाल्या. "मुकादम, तुम्ही दारापासून आत छाटत गेलात ना? मोजा. सातवीतली पहिली अठरा झाडं ठणठणीत आहेत. एकोणिसाव्यापासून ओळीच्या टोकापर्यंत रोग आहे, आणि तिथून वळून आठवीत आलाय. तुमची पावलं जिथे पडली, तिथेच."

मुकादमांनी खरंच मोजलं. मग त्यांची मान वर होईना.

"दोन्ही ओळी मुळासकट काढा," ताई म्हणाल्या.

"फळं रंगावर आलीत, ताई," मालकीणबाई म्हणाल्या.

"ठेवलीत तर बाकीच्या दहाही जातील. आणि डबा कमरेला आल्याशिवाय मी एक पानसुद्धा कापणार नाही. नाहीतर दुसरी बाई शोधा."

मालकीणबाईंनी त्या भरल्या झाडांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "काढा."

झाडं जागेवरच पिशव्यांत बंद केली, दोऱ्या जाळल्या. सगळ्यात जास्त पिशव्या मुकादमांनी वाहिल्या, कुणी सांगितलं नसताना. बहीण परत आली. ताई रोज सकाळी एकेक झाड तपासायच्या. आठवीला खेटलेल्या नवव्या ओळीत एक झाड मलूल दिसलं, तेही त्याच दिवशी गेलं. त्यानंतर एकही नाही. दहा ओळी हंगामाच्या शेवटापर्यंत लाल होत राहिल्या.

तर मित्रांनो, रोग मी नेला, हे मी नाकारत नाही. पण मला "रोगट कात्री" म्हणाल, तर ऐकून घेणार नाही. धार माझी आहे, काळजी घेणारा हात तुमचा. प्रत्येक झाडानंतर मला बुडवा, वास आला तरी, उशीर झाला तरी. आणि भंगारात टाकायचंच असेल, तर माझ्याच्यानं कापवेनासं होईल त्या दिवशी खुशाल टाका. तुमची घाई माझ्या माथी मारून मात्र नाही.