बाळंतिणीच्या खोलीचं दार

कमरुद्दीनला वाऱ्याची धास्ती बसली होती. लेक आयेशा पहिल्या बाळंतपणाला सोनईत माहेरी आलेली. नातू जन्मला तोच किडकिडीत, सारखा शिंकणारा. आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार म्हणजे जुन्या घराचा सगळा वाकडेपणा एकाच चौकटीत: कडीच्या बाजूला घासायचं, वर दोन बोटं फट, खालून तर उंदीर पाहुण्यासारखे आत-बाहेर. "पोराला वारा लागंल," चांदबी नवऱ्याला रोज ऐकवायची. नागापूरच्या कारखान्यात जन्म काढलेल्या फिटरला घरचं दार सरळ करता येऊ नये, हा टोमणा वर.

शेवटी गडी हट्टाला पेटला. ढिल्या बिजागऱ्या काढून स्क्रूच्या भोकांत आगकाड्या ठोकल्या, दार उचलून बसवलं, घासणारी कड रंध्यानं तासली. उरलेल्या फटींवर चारी बाजूंनी रबराची पट्टी मारली. आतल्या दिव्याचा उजेडसुद्धा बाहेर दिसेना. "आता कसं," चांदबी म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे लईच झालं.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर रोजचा शेक सुरू झाला. बाजेखाली कोळशाची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा नि बाळंतशोपा, बाजेवर मायलेकरं पांघरूण घेऊन. आयेशानं आतून कडी लावली. शेकाच्या वेळी बापानंही तिकडं फिरकायचं नसतं. चांदबी मागं लंगोट वाळत घालायला गेली.

कमरुद्दीन ओसरीवर चहा घेऊन बसला. एरवी या वेळी धुरानं त्याचा जीव नकोसा व्हायचा, डोळे चोळत रस्त्यावर पळावं लागायचं. आज वाससुद्धा नाही. काम म्हणावं तर असं, तो मनाशीच खूश झाला.

मग त्यानं कप खाली ठेवला. धूर बाहेर येत नाही, तर जातोय कुठं? खिडकी तर चांदबीनं केव्हाच गोधडी ठोकून बुजवलेली.

"आयेशा, पोरी," त्यानं दाराशी जाऊन हाक मारली. आतून हूं नाही की चूं नाही. पुन्हा मारली.

चांदबी धावत आली. "अवो, शेकल्यावर गुंगी येतीच. तुमी आत जाता व्हय? उघडी असंल ती."

तो थबकला. खोटं कशाला सांगा, पोटची पोर आत असताना शरमेनं थबकला. पण रोज शेकताना घर डोक्यावर घेणारा नातू आज रडत नव्हता.

त्यानं खांदा मारला. दार हललं नाही, इतकं झकास बसवलेलं. पहार आणून त्यानं बिजागऱ्याच उचकटल्या.

आयेशाची मान कलंडलेली होती. नातू कणकेच्या गोळ्यासारखा ढिला. दोघांना ओढत त्यांनी अंगणात आणलं. कमरुद्दीन नातवाचे तळपाय चोळत राहिला, अल्लाला काय काय कबूल करत राहिला. बऱ्याच वेळानं पोराला उचकी लागली, मग बारीक रडू फुटलं. आयेशानं डोळे उघडले नि आधी पदर ओढला. "अब्बा, तुमी आत कसं आले?"

शेजारच्या गोरक्षनं जीपमधून दवाखान्यात नेलं. जीव वाचले.

मायलेकरं घरी आली तेव्हा दार अजून भिंतीला टेकलेलंच होतं. सांजचा गार वारा सुटला तशी चांदबी चौकटीत घोंगडी टांगायला निघाली. कमरुद्दीन उंबऱ्यातच बसला होता, उठेना.

"सरका की. पोराला वारा लागंल."

"लागू दे," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.