अक्रोडाची मूठ

अ‍ॅन्सेल क्वामने पिस्तुलातून मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, वरची स्लाइड मागे ओढली आणि करंगळी आत घालून गोळी नसल्याची खात्री करून घेतली. मग पिस्तूल आपल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर, जाड कापडावर आडवं ठेवलं.

"कोरं करकरीत आहे," तो म्हणाला. "एकदा तरी उडवलंस का?"

"नाही," मर्ल टोफ्टे म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात घेतलं आणि मग अर्डिसचं आजारपण सुरू झालं."

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात हिवाळ्यात गेलेल्या माणसाला मातीसाठी वाट पाहावी लागते. जमीन गोठून दगडासारखी झालेली असते. मर्लची बायको अर्डिस फेब्रुवारीत गेली आणि तिचं दफन झालं ते एप्रिलमध्ये, मागच्याच शनिवारी. नंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत होते. तेव्हा मर्ल हलक्या आवाजात म्हणाला होता, "एवढंच काम राहिलं होतं. आता माझंही उरकलं." शेजारी अ‍ॅन्सेल उभा होता. त्याच्या कपातली कॉफी तशीच गार झाली.

"काय काय करायचं?" त्याने आता विचारलं.

"मूठ बदलायची. कारखान्यातली ही प्लॅस्टिकची हातात बसत नाही. नळीच्या टोकाची नेमाची खूण मोठी हवी, मला दिसत नाही ती. आणि चाप फार घट्ट आहे."

"नेमबाजीच्या क्लबात येणार का?"

"बघू."

"घरी दुसरी बंदूक आहे?"

"बदकांच्या शिकारीची होती. पुतण्याला देऊन टाकली. एकेक वस्तू देऊन टाकतोय."

अ‍ॅन्सेलने चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि ती दोऱ्याने पिस्तुलाला बांधली. "मूठ हातावर बेतायची तर वेळ लागतो. दर शनिवारी यावं लागेल. हात तुझा लागणार, फोनवर होत नाही हे."

"त्या हॉल्वरचं पिस्तूल तीन दिवसांत करून दिलंस."

"हॉल्वरचा हात म्हणजे फावडं. त्याला कुऱ्हाडीचा दांडा दिला असता तरी बसला असता."

मर्लच्या ओठाची एक बाजू हलली. तेवढंच.

शनिवारी तो येऊ लागला. अ‍ॅन्सेलने अक्रोडाचं लाकूड निवडलं, कापलं, ढोबळ आकार दिला. मग पद्धत ठरलेली. मर्लने तळहाताला निळा खडू चोळायचा आणि मूठ घट्ट धरायची. हात काढला की लाकडावर जिथे जिथे रंग उमटेल, तिथे लाकूड उंच. तेवढंच कानशीने उतरवायचं. पुन्हा खडू, पुन्हा मूठ. सगळीकडे सारखा रंग लागला की मूठ बसली.

अ‍ॅन्सेल कानशीचे तीन हात मारायचा आणि थांबायचा. "आज एवढं पुरे. लाकूड जरा बसू दे."

मर्लने चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर यंत्रं सांभाळली होती. कुठलं काम किती वेळाचं, हे त्याला कळत होतं. चौथ्या शनिवारी त्याने हात पुसला आणि कापड टेबलावर टाकलं.

"अ‍ॅन्सेल, मी काही लहान पोर नाही."

"नाहीसच. पोरांचे हात वाढतात. त्यांच्या मुठी मी करत नाही."

"थट्टा पुरे. खूण अजून आली नाही, लाकूड बसू दे, चापाची स्प्रिंग शोधतोय. किती दिवस? पिस्तूल माझं आहे. असंच घेऊन गेलो तर?"

अ‍ॅन्सेलने कानस खाली ठेवली.

"तुझंच आहे. पण आधी एक विचारतो, मर्ल. सरळ सांग. जीव द्यायचं मनात येतं का?"

पास्टरने जेवतोस का विचारलं होतं. शेजारणी झाकलेली भांडी आणून ठेवत होत्या आणि झोप लागते का विचारत होत्या. हे कोणी विचारलं नव्हतं. मर्लने आपल्या निळ्या तळहाताकडे पाहिलं.

"रोज नाही," तो म्हणाला.

"बरं."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. अ‍ॅन्सेलने पिस्तूल आपल्याकडे ओढलं.

"हे इथेच राहू दे मग," अ‍ॅन्सेल म्हणाला.

"राहू दे."

"आणि सोमवारी दवाखान्यात जाऊ. गाडी मी काढतो. मला गुडघा दाखवायचाच आहे."

"तुझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"सोमवारपर्यंत होईल काहीतरी."

सोमवारी ते गेले. पुढच्या सोमवारीही गेले. डॉक्टरने मर्लला गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला एका बाईंशी बोलायला सांगितलं. काय बोलायचं, असं तो आधी म्हणाला. मग बोलू लागला. मे अखेरीस त्याने बटाटे लावले. एकट्यासाठी फार झाले, पण अर्डिस जेवढ्या ओळी लावायची तेवढ्याच त्यानेही लावल्या.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी तो दुकानात आला तेव्हा पिस्तूल कापडावर तयार होतं. मोठी पांढरी खूण नळीच्या टोकावर बसवली होती. मुठीला तेल पाजलं होतं आणि लाकडाच्या रेषा वर आल्या होत्या. चिठ्ठी सोडून बाजूला ठेवली होती.

"झालं," अ‍ॅन्सेल म्हणाला. त्याने मर्लच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आता आणखी करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणजे मला तरी सापडत नाही."

त्याने पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि पुढे केलं. मर्लने सवयीने तळहाताला खडू चोळला आणि मूठ धरली. मूठ हातात अशी बसली, की ती वेगळी आहे हेच त्याला कळेना. नेम भिंतीकडे धरून त्याने चाप ओढला. टक्, एवढाच आवाज झाला.

भिंतीवर बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मंगळवारी मर्ल आणि अर्डिसच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली असती. त्या दिवशी दर वर्षी अर्डिस सकाळीच त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून दाराला अडकवायची. दोघं कुठे जाणार नसले तरी.

मर्लने पिस्तूल खाली ठेवलं.

"अंगठ्यापाशी टोचतंय," तो म्हणाला.

अ‍ॅन्सेलने मूठ उजेडात धरली. निळा रंग वरपासून खालपर्यंत सारखा लागला होता. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. आजवर त्याने बेतलेली एकही मूठ कोणी परत आणली नव्हती.

"कुठे?" त्याने विचारलं.

मर्लने बोट ठेवलं. "इथे."

अ‍ॅन्सेलने कानामागची पेन्सिल काढली आणि तेवढ्या जागेभोवती एक बारीक गोल केला.

"आहे खरं," तो म्हणाला. "माझ्या नजरेतून सुटलं. पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या. मंगळवार जाऊ दे."

अ‍ॅन्सेलने चिठ्ठी पुन्हा बांधली. पिस्तूल मागच्या तिजोरीत ठेवलं, दार लोटलं आणि चक्र फिरवलं. आतली कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत मर्ल होता तिथेच उभा राहिला. मग त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसला.

"कॉफी आहे का रे?"