भिंतीतलं बाहेरचं

"आलं! आलं! बाहेर आलं!"

सभागृह दुमदुमलं. मंचावर खुर्चीत एक पाच-सहा वर्षांचा मुलगा उघड्या अंगाने कुडकुडत बसला होता आणि फडकेबाबांच्या हातातलं पांढरं फडकं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळं पडत चाललं होतं. फडके हे बाबांचं आडनाव नव्हे, हत्यार. तांब्यातलं मंतरलेलं पाणी आधी पोराच्या छातीला चोळायचं, मग त्यावरून फडकं फिरवायचं, की छातीत शिरलेलं 'बाहेरचं' फडक्यात उतरायचं. वस्तीतल्या पोरांचा खोकला बाहेरच्या बाधेमुळेच आहे, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

"डॉक्टरच्या यंत्राला हाड दिसतं," बाबा गरजले. "भूत दिसतं का?"

"नाही!"

"मग हाड डॉक्टरला दाखवा आणि भूत माझ्याकडे द्या! सात दिवस मठावर ठेवा. पोर हसत घरी येईल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्यांच्या मधूनमधून पोरांचं खोकणं चालूच होतं, पण चमत्कार रंगात आलेला असताना तिकडे लक्ष कोण देतो!

शेवटच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दात आवळून बसल्या होत्या. पुढच्या रांगेत त्यांची धाकटी बहीण होती, मांडीवर लेक, चार वर्षांची चिमी. तिच्या छातीची घरघर बाईंना ऐकू येत नव्हती, पण खांद्यांचं वरखाली होणं मागूनही दिसत होतं. पुढच्या आठवड्यात चिमीची पाळी होती.

चिमीला एक मोठा भाऊ होता. त्याला दमा होता आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंडाने ओढायचा पंप दिला होता. "हे विष आहे, फेकून दे," असं बाबांनी सांगितलं आणि धाकटीने तो पंप गटारात फेकला. गेल्या हिवाळ्यात पोर गेलं. रडून रडून आवाज कायमचा बसलेल्या आईला बाबांनी एवढंच सांगितलं, "श्रद्धा कमी पडली." ते तीन शब्द बाईंनी तेव्हापासून निखाऱ्यासारखे जपून ठेवले होते. त्यांना न्याय वगैरे नंतर हवा होता. आधी बाबाची फजिती बघायची होती, तीही याच मंचावर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या धाकटीच्या खोलीवर गेल्या. वस्तीतल्या सगळ्या खोल्या एकमेकींना खेटून बांधलेल्या. मागच्या बाजूला पूर्वी खिडक्या होत्या. मालकाने त्या विटांनी बुजवून मागे स्वतःचं गोदाम टेकवलं होतं आणि गोदामाचा फुटका नळ भिंतीच्या आत कुठेतरी सतत झिरपत होता. भिंतीवर काळ्या बुरशीचे नकाशे उमटले होते. चिमीचं अंथरूण त्या भिंतीलाच लागून होतं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

"कोरा आहे हं, दूध संपलंय," म्हणत धाकटीने चहा पुढे केला. "ताई, तू बाबांच्या वाईटावर का आहेस? मागच्या खेपेला चिमी मठावरून आली तेव्हा चार दिवस खोकली नव्हती. हे तरी खरं ना?"

"खरं आहे. आणि पाचव्या दिवशी?"

"माझीच श्रद्धा कमी पडली असेल." धाकटीने मान खाली घातली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला आणि हातातला कप हिंदकळला.

चहा सांडला तो चिमीच्या उशीवर. उशीखाली घडी घालून ठेवलेलं बाबांचं फडकं, 'राखणीला' म्हणून दिलेलं, अर्धं बाहेर आलं होतं. त्यावर जिथे जिथे चहाचे थेंब पडले, तिथे तिथे काळे डाग उमटले.

धाकटी बसक्या आवाजात ओरडली, "बघ! उशीतून निघालं!"

बाईंनी फडकं उचललं. घडीच्या कडा पिवळट पडल्या होत्या, गंज चढल्यासारख्या. त्यांनी कपात बुडवलेलं बोट मुद्दाम फडक्याच्या कोऱ्या कोपऱ्याला लावलं. कोपरा काळा. हिराकस! लोखंडाचा हा क्षार आणि चहाचा तुरटपणा एकत्र आले की काळा रंग होतो. जुनी शाई अशीच करत, हे त्या दर वर्षी सातवीला शिकवत. तांब्यातलं मंतरलेलं पाणी दुसरंतिसरं काही नसून थंड कोरा चहा होता!

"आणि मग मठावर बरं कसं वाटतं गं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

उत्तर चिमीने दिलं. "मावशी, तिथे भिंत कोरडी असते. आणि मोठ्ठी खिडकी आहे. तिथे मी भिंतीला टेकून झोपते तर फ्रॉक ओला होत नाही."

बाईंनी भिंतीला हात लावला. तळवा ओला झाला. पोरीला डॉक्टरने न सांगताही कळलं होतं ते, आणि एवढी शिकलेली मावशी भुताच्या मागे धावत होती.

खरं तर डॉक्टरीणबाई हेच सांगून थकल्या होत्या. वस्तीतल्या संस्थेचा आरोग्यनिधी होता, घराघरांतून जमवलेला. त्यातून खिडक्या उघडा, नळ बदलायला लावा, पोरांचे पंप घ्या, असा त्यांचा आग्रह. त्यावर संस्थेचे अध्यक्ष पोट हलवून हसले होते. "अहो, हा आरोग्यनिधी आहे, गवंडीनिधी नव्हे!" अध्यक्ष म्हणजेच खोल्यांचे मालक. पोरांच्या छातीत भूत शिरलंय असं ठरलं, की भिंतीला कोण विचारतो! सगळा निधी बाबांच्या नव्या दालनाला देण्याचा ठराव त्यांनीच आणला होता आणि तो चिमीच्या पाळीच्याच दिवशी मंजूर व्हायचा होता.

बाई त्याआधीच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगू शकल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही. त्यांना गर्दी हवी होती. त्यांनी फक्त एक पिशवी भरली.

पाळीच्या दिवशी चिमीचं नाव पुकारलं गेलं आणि धाकटी उठली. तिच्या आधी बाईच मंचावर चढल्या आणि हात जोडून, आवाजात मध घोळवून म्हणाल्या, "महाराज, आधी आमच्या अध्यक्षांची छाती बघा ना. एवढ्या लोकांची काळजी वाहतात, त्यांना बाहेरचं लागलं तर आम्ही जायचं कुठे?"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांना नाही म्हणता येईना. सदरा निघाला, पाणी चोळलं गेलं, फडकं फिरलं. काळंठिक्कर!

"दात्याने जगाचं दुःख अंगावर घेतलंय!" बाबा पटकन म्हणाले. बाबा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

"धन्य!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी तांब्या उचलला, मंचावरच्या टेबलावर कलंडवला आणि बाबांच्या थैलीतलं नवं फडकं काढून टेबल पुसलं. फडकं उंच धरलं. काळं.

"महाराज, टेबलाला कुणाची दृष्ट लागली?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पाखंडी बाई! हात झडेल!" बाबा ओरडले.

"झडला तर डॉक्टरला दाखवेन. हाड त्यांच्याकडे, असं तुम्हीच म्हणालात." बाईंनी पिशवीतून थर्मास काढला, कोरा चहा पेल्यात ओतला, त्यात बाबांच्याच आणखी एका कोऱ्या फडक्याचं टोक बुडवलं. काळं. मग पिशवीतलं साधं धुतलेलं फडकं त्याच तांब्यातल्या पाण्यात बुडवलं. जेमतेम तपकिरी. "फडक्याला हिराकस, तांब्यात चहा. एवढंच भूत आहे. कुणालाही वर येऊन करून बघायचंय का?"

चार बाया वर आल्या. करून बघितलं. चौघींचीही फडकी काळी. बाईंना वाटलं, हाच तो क्षण, आता मनसोक्त हसावं. तेवढ्यात त्यांची नजर धाकटीकडे गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. चहाच होता, तर तो पंप विष नव्हता. तर पोर जगलं असतं. हे सगळं धाकटीच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटत होतं. बदला घ्यायच्या भरात बाईंनी याचा विचारच केला नव्हता.

धाकटी चिमीला खालीच खुर्चीत बसवून मंचावर आली. तिने ओंजळ तांब्यात बुडवली. बाबा मागे सरकले, पण मागे अध्यक्ष होते आणि पुढे चार बाया. तिने बाबांची शाल ओढली, छातीवर पाणी फासलं आणि फडक्याने घासलं. भांड्याचं करपलेलं बूड घासतात तसं, जोर लावून, दातओठ खात. फडकं काळं झालं, दुसरं घेतलं, तेही काळं झालं.

"काय झालं, महाराज?" तिचा बसलेला आवाज त्या दिवशी मोकळा झाला. "श्रद्धा कमी पडली?"

कुणी हसलं नाही. बाबा शाल मंचावर सोडून उघड्या अंगाने जिना उतरले. दाराशी लोकांनी त्यांना अडवून ठेवलं ते पोलीस येईपर्यंत. पंपाची तक्रार धाकटीने स्वतः लिहून दिली. ती लिहिताना बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या.

ठराव त्याच सभेत फिरला. अध्यक्ष सदरा घालतच होते, तोवर खुर्ची गेली. नळ मालकाच्या खर्चाने बदलायचा आणि गोदाम भिंतीपासून मागे हटवायचं, नाहीतर संस्थेचा वकील दारात येणार. खिडक्या, गिलावा आणि पोरांचे पंप निधीतून.

"आता म्हणा याला गवंडीनिधी!" ठरावाला विरोध करायला आलेल्या डॉक्टरीणबाई अध्यक्षांना म्हणाल्या. "आरोग्यालाही गवंडी लागतो कधीकधी."

चिमीच्या खोलीची खिडकी फोडली तेव्हा धाकटी पोराचा फोटो हातात घेऊन उभी होती. उजेड आत आला आणि तिने फोटो खिडकीकडे वळवला. बाईंनी तिला जवळ घेतलं. खिडकी एका वर्षाने उशिरा उघडली होती आणि ते कुठल्याच विज्ञानाने भरून निघणार नव्हतं.

अजूनही शेजारच्या वस्तीतून एखादी आई खोकणारं लेकरू कडेवर घेऊन येते. दबक्या आवाजात विचारते, "बाहेरचं असेल का हो काही?"

धाकटी तिला आत घेते, पाणी देते, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची वेळ सांगते. मग म्हणते, "तुला कुणी काही सांगेल, माझंसुद्धा खरं मानू नकोस. घरी जा आणि आधी पोराच्या उशाशी भिंतीला हात लावून बघ."