रानटी वेल

रुक्मिणीबाईने तळ्याकाठच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि खालची वेल ओढून काढली. वरून जलपर्णीचे फुगीर देठ घसरले, मोरचुदाने मेलेल्या शेवाळाचा उग्र वास आला. वेल तिचीच होती. पानांखाली हिरवे शिंगाडे अजून लटकत होते. तिने एक दाताने फोडला. आत नुसतं पाणी. दसऱ्यापर्यंत कुणी हात लावला नसता तर भरला असता.

तिने दुसरा ढीग उसकटला, मग तिसरा. बियाण्यापुरते चार जून शिंगाडे तरी सापडावेत, एवढीच तिची धडपड चालली होती. सासऱ्याच्या आधीपासून याच तळ्याचं बी याच तळ्यात पडत आलं होतं. उगवतीचा कोपरा तिचा, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. कुठे लिहिलेलंही नव्हतं.

चिंचवडच्या अंगाला कारखाना आला, तळ्याच्या काठी त्याची वसाहत उठली आणि तळं कारखान्याच्या हद्दीत गेलं. वसाहतीतल्या कुणा हौशी बाईने जांभळ्या फुलांसाठी कुंडीत जलपर्णी आणली. कुंडीतून ती तळ्यात गेली आणि दोन पावसाळ्यांत खाली पाणी आहे की नाही तेही दिसेना. डास झाले, बंगल्यांत हिवताप शिरला, मग साहेबलोकांना जाग आली. साफसफाईवर ज्योतीरामला मुकादम नेमलं. हा रुक्मिणीबाईच्या दिराचा मुलगा. स्वराज्य आलं त्या साली त्याची आई गेली, तेव्हापासून तो हिच्याच ताटात जेवलेला.

त्याच्या हाताखालच्या माणसांना काही केल्या जलपर्णी आवरेना. वरून ओढायची, देठ मोडायचे, आणि पंधरा दिवसांत सगळं पुन्हा दुप्पट. शेवटी रुक्मिणीबाईच कासोटा मारून छातीभर पाण्यात उतरली. खालून हात घाला, मुळासकट उचला, बोटभर तुकडा पाण्यात राहू देऊ नका, असं तिने आठवडाभर त्यांना शिकवलं. पोरगं साहेबापुढे तोंडघशी पडू नये, दुसरं काय? माणसं हुशार निघाली. उगवतीच्या कोपऱ्यात आता औषधालाही पान उरलं नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती पाचच दिवस चऱ्होलीला गेली होती. "तू बिनघोर जा. हितं म्या हाय न्हवं?" असं ज्योतीरामच म्हणाला होता.

"काकी."

तो मागे येऊन उभा होता. खाकी विजार, तिला कडक इस्त्री, गळ्यात शिटी.

"ह्ये कुणी काढलं रं?"

"साहेबांचा हुकूम व्हता. तळं समदं मोकळं पायजे म्हनाले."

"आन् तू काय म्हनलास?"

ज्योतीराम शिटीच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"तुला ठाव न्हाई, काकी. हापिसात मला शिंगाड्या म्हनत्यात. पाठीमागं न्हाई, तोंडावर. चा पेताना हसत्यात."

"शिंगाडं इकूनच वाढवला तुला. त्यात हसन्यासारखं काय हाय?"

तेवढ्यात बांधावरून नवीनच आलेले ओव्हरसियर कर्णिक सायकल हातात धरून आले. सरळ माणूस, कामाला कडक. रुक्मिणीबाईच्या हातातली वेल पाहून ते थबकले.

"हे पीक होतं का, बाई? मला शंका आलीच होती. म्हणून मी याला मुद्दाम विचारलं, की हे कुणी लावलेलं आहे का. हा म्हणाला, रानटी वेल आहे, कुणाची नाही."

रुक्मिणीबाईने ज्योतीरामकडे पाहिलं. तरंगायला मडक्यांची सांगड कशी धरायची, पान उलथून शिंगाडा कसा चाचपायचा, हे तिने त्याला याच कोपऱ्यात शिकवलं होतं. त्याला ती वेल ओळखू आली नाही असं म्हणायची सोयच नव्हती. तिला संताप आला. इतकी वर्षं आपण याला आपला म्हणत आलो, याची त्याहून लाज वाटली.

"नीट सांगा," कर्णिक म्हणाले. "पीक तुमचं असेल तर हा कोपरा तुमच्याकडेच राहील. मी स्वतः तसं लिहून वर पाठवतो, पुढच्या वर्षी पुन्हा लावा. आणि हा खोटं बोलला असेल तर याला आजच घरी बसवतो. असला माणूस मला नको."

ज्योतीराम साहेबांकडे पाहतच नव्हता. त्याची नजर रुक्मिणीबाईच्या तोंडावर खिळली होती.

तिने हातातली वेल ढिगावर टाकली.

"रानटीच व्हती, साहेब."

"नक्की?"

"व्हय. कुनाची न्हाई."

"मग सकाळपासून तुम्ही शोधताय काय इथं?"

"म्हशीला वैरण बघतीया."

कर्णिकांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा ज्योतीरामकडे पाहिलं.

"हा तुमच्या नात्यातला आहे का?"

"त्ये मुकादम हायेत न्हवं?" रुक्मिणीबाई म्हणाली. "गावात समदी वळखत्यात त्यास्नी."

साहेब सायकलवर टांग टाकून निघून गेले. रुक्मिणीबाईने ढिगातल्या चार ओल्या वेली पाटीत भरल्या. म्हैस आता खरंच खाणार होती त्या. पाटी जड झाली, पाणी निथळत होतं. ती वाकली तसा ज्योतीराम धावत पुढे आला.

"आन हिकडं, काकी, म्या घेतो डोक्यावर."

तिने पाटी एकटीने उचलली आणि चालू लागली. तो वाटेत आडवा झाला.

"काकी, बोल की गं. शिव्या घाल, मार मला, पर बोल कायतरी."

"बाजूला व्हा, मुकादम," रुक्मिणीबाई म्हणाली. "पाटी गळतीया. तुमची विजार खराब हुईल."