यादीतला भांग

‘तिसरा टप्पा’ या गटात चार हजार माणसं होती. त्यांतल्या साडेतीन हजारांना अवकाशयान कसं उडवायचं हे यान उडवणाऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. उरलेली पाचशे नुसती वाचायची आणि हसायची. सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी ‘परत उतरणारं रॉकेट म्हणजे निव्वळ स्टंट’ असं लिहून मोकळा व्हायचा आणि जेवणापर्यंत त्यावर दोनशे उत्तरं पडलेली असायची. मंगळावर वस्ती झाली तर पहिलं भांडण पार्किंगवरून होईल की पाण्याच्या टाकीवरून, यावर एकदा तीन दिवस घमासान झालं होतं. वाटेत यानानं अपडेट मागितलं तर ‘नंतर आठवण करून द्या’ हे बटण दाबावं का, हा प्रश्न तर अजून सुटलेला नाही.

हा सगळा बाजार दोघं मिळून चालवायची. एक होता ‘शून्य_त्रुटी’, म्हणजे उलव्यात चौदाव्या मजल्यावर राहणारा, मूळचा जतचा जोतीराम. नव्या विमानतळावरची विमानं खिडकीतून बघत बघत तो लोकांची गणितं आणि शुद्धलेखन तपासायचा. दुसरा ॲडमिन ‘धूमकेतू’. हा कोणीतरी पुरुष आहे असं सगळ्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. खरं तर ती वाशीगावच्या कोळीवाड्यातली जागृती. तुर्भ्याच्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. आपण कोण, कुठल्या, हे तिनं गटात कधी सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं ती स्वतःला म्हणायची. ते अर्धंच खरं होतं.

गटात नशेच्या गोळ्यांच्या जाहिराती घुसायला लागल्या तेव्हा जागृतीनं एका लंच ब्रेकमध्ये ‘वॉचमन’ बनवला. वॉचमन म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. त्याच्याकडे शब्दांची यादी. यादीतला शब्द कोणी लिहिला की वॉचमन त्याला बाहेर काढणार आणि का काढलं ते चार हजार जणांना सांगणार. यादी तिनं डबा खाता खाता टाइप केली : गांजा, चरस, भांग, अफू. दहा मिनिटांत काम फत्ते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तिलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

वैशाखातल्या त्या बुधवारी गटात कोणीतरी पिल्लू सोडलं, ‘चंद्राचा सामान्य माणसाला उपयोग काय? नुसत्या कविता.’ लगेच रणधुमाळी. जागृती मीटिंगमधून बाहेर आली तोवर वादाचं हसं झालं होतं. एकशेतेरा जणांनी हसरे चेहरे डकवले होते. कशावर, म्हणून ती वर सरकत गेली.

‘सदस्य धर्मा कोळी यांना नशेच्या पदार्थांचा प्रचार केल्याबद्दल गटातून काढण्यात आले आहे,’ असं वॉचमननं जाहीर केलं होतं.

खाली पब्लिक सुटलं होतं. ‘काकांचं यान भर दुपारीच सुटलं.’ ‘भांगेत जाळं? मला पण पाठवा थोडी.’ ‘चंद्र बघून होडी हाकतात, लायसन कोणी दिलं?’ जोतीराम हसला नव्हता. त्यानं फक्त लिहिलं होतं, ‘उपेग नव्हे, उपयोग.’

धर्मा कोळी म्हणजे जागृतीचा बाप. तीन महिन्यांपूर्वी तिनंच त्याला गटात घेतलं होतं आणि वर बजावलं होतं, “बाबा, नुसतं वाचा हां. लिहू नका.” तीन महिने बाप त्या पाचशेंत गुपचूप बसून होता. आज मात्र चंद्राला नावं ठेवलेली त्याला सहन झाली नव्हती. फोनला तोंड लावून बोलून त्यानं लिहिलं होतं :

‘चंद्राचा उपेग आमाला इचारा. आठमीला भांग असतो. भांगात पानी मरतं, जाल्यात काय गावत नाय. पुनवेला नि आवसेला उधान. आमी चंद्र बगूनच होडी सोडतो.’

तिनं ते चारदा वाचलं. भांग! अष्टमीच्या सुमाराची मरतुकडी भरती. आजीच्या, आईच्या, अख्ख्या वाड्याच्या तोंडी बारा महिने असलेला शब्द. मासळी नसली की ‘आज भांग हाय, बाजारात मावरं नाय’ हे ऐकत ती वाढली. आणि यादी टाइप करताना तिला फक्त शिवरात्रीची भांग आठवली! तिला स्वतःची लाज वाटली. ऑफिसच्या त्या गार हवेत तिचे कान तापले.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा धर्मा ओटीवर जाळं पसरून बसला होता. सुई हातात होती, पण चालत नव्हती. फोन पालथा पडला होता. आतून आईनं, शालननं, डोळ्यांनीच खुणावलं की दुपारी जेवलेला नाही.

“बाबा, जेवले का नाय?”

“मना काडला त्यांनी.” धर्मानं मान वर केली नाही. “चार हजार लोकांसमोर बेवडा ठरवला, बाय. अकरा वर्सं झाली. तुज्या डोक्यावर हात ठेवून सोडली ना मी? वाड्यात कोनी बोट दाखवल काय माज्याकडं?”

“नाही दाखवणार.”

“मंग ह्ये शिकलेले लोक कुटून शोदून काडतात?”

जागृती खाली बसली. खोटं बोलायला जागा होती. मशीनची चूक म्हणता आलं असतं, कंपनीवर, नेटवर्कवर ढकलता आलं असतं. तिनं ढकललं नाही.

“बाबा, ती यादी मी लिवली. कोनाला काडायचं ते मीच ठरवलं. भांग मीच टाकला त्यात. नशेची समजून.”

धर्मानं सुई खाली ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुना भांग ठावा नाय?”

एवढंच. रागानं नाही; खरोखर न कळल्यासारखं विचारलं त्यानं. मग जाळं गोळा करून तो आत गेला. जागृती ओटीवर बसून राहिली आणि रडली. मग डोळे पुसले. आता हे सगळ्यांसमोर सुधारायचं, गुपचूप नाही, हे तिनं तिथंच ठरवलं.

जोतीरामचा निरोप आलेला होताच. माणूस वाईट नव्हता. ‘त्या काकांचा संदर्भ भरतीचा असावा,’ त्यानं लिहिलं होतं. ‘शब्द यादीतून काढ, त्यांना परत घे. गाजावाजा नको. उद्यापर्यंत लोक विसरतील.’

‘लोक विसरतील, ते विसरणार नाहीत,’ तिनं उत्तर दिलं. ‘जिथे बदनामी झाली तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत माफी मागायची.’

‘बॉट माफी मागत नाही.’

‘मग बॉट बनवणारी मागेल.’

‘बनवणारी?’ जोतीरामनं विचारलं. तोवर तिनं गटात लिहून टाकलं :

‘मी धूमकेतू. खरं नाव जागृती धर्मा कोळी, राहणार वाशीगाव. आज ज्यांना हाकललं ते माझे वडील. यादी मी केली होती, चूक माझी आहे. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती. त्यांनी “भांग असतो” लिहिलं होतं. नशेची ती भांग असते, पाण्याचा तो भांग असतो. “उपेग” खटकला, पण हा “असतो” कोणालाच दिसला नाही. मलासुद्धा. मी त्यांची इथे सगळ्यांदेखत माफी मागते.’

रणधुमाळी पुन्हा सुरू. कोणी अंगठे दिले, कोणी ‘धूमकेतू बाई आहे??’ यातच अडकला. एकजण म्हणाला, भावनिक ब्लॅकमेल चाललंय. जोतीराम मात्र मुद्द्यावर अडून बसला. समोर बाई आहे, वडिलांचा विषय आहे, म्हणून सौम्य होणाऱ्यांतला तो नव्हता. ‘आमच्याकडे भांग म्हणजे डोक्यातला, नाहीतर शिवरात्रीची. शब्दाचं सोडा. पण चंद्र बघून होडी सोडतो हे विधान आहे. इथे विधानाला पुरावा लागतो. नियम सगळ्यांना सारखा.’

‘लागतो ना?’ जागृतीनं लिहिलं. ‘आठ दिवस थांबा.’

दुसऱ्या दिवशी अष्टमी. पुढच्या गुरुवारी पुनव. आठ दिवस, आठ फोटो, वाशीगावच्या जेटीच्या त्याच पायऱ्यांचे, पाणी पूर्ण भरेल त्या क्षणी. वेळ कुठल्याही वेबसाइटवरून घ्यायची नाही, बाबांच्या हिशेबानं काढायची. तो हिशेब तिला लहानपणापासून पाठ होता : तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता बंदरात भरती. आणि खाडीत पाणी आत यायला अर्धा तास वर. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला साडेसहा.

सकाळी साडेसहाला ती जेटीवर उभी होती. पाणी आलं, पण खालून पाचव्या पायरीशीच दमलं. वरच्या सहा पायऱ्या कोरड्या ठणठणीत. तिनं फोटो काढला आणि वेळेसकट गटात टाकला. शुक्रवारी सव्वासात. शनिवारी आठ, रविवारी पावणेनऊ. सोमवारपासून भरती ऑफिसच्या वेळेत घुसली. टीम लीडनं विचारलं, उशीर का? “खाडीत पाणी उशिरा येतं, सर,” ती म्हणाली, आणि त्यांना तो विनोद वाटला. मंगळवारी सव्वादहाची भरती बघून ती आणखी उशिरा पोचली तेव्हा ते हसले नाहीत. तिनं अर्ध्या अर्ध्या सुट्ट्या टाकल्या आणि गेली.

या दिवसांत धर्मा तिच्याशी कामापुरतं बोलत होता. जेटीवर तो होडी धूत असायचा, चिंबोऱ्या-खेकड्यांची टोपली उतरवत असायचा. तिच्याकडे बघायचा नाही. बुधवारी मात्र ती फोटो काढायला वाकली तसा होडीतूनच ओरडला.

“थांब! पानी अजून चढतंय. पाच मिन्टं.”

ती थांबली. पाच मिनिटांत पाणी आणखी बोटभर वर आलं आणि उभं राहिलं. तिनं त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो पुन्हा होडी धुण्यात गुंतला होता.

पुनवेच्या गुरुवारी पावणेबाराला ऊन डोक्यावर होतं आणि जेटीवर एकही पायरी नव्हती. अकराच्या अकरा बुडून पाणी वरच्या फरशीवर आलं होतं. तिच्या चपला भिजल्या. तिनं अष्टमीचा आणि पुनवेचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा भांग. हे उधाण. मध्ये सात दिवस आणि एक चंद्र. वेळा कागद-पेन्सिलशिवाय काढल्यात. तपासा.’

जोतीरामनं तपासल्या. बंदराच्या छापील वेळापत्रकाशी आठही दिवस ताडून त्यानं तक्ता टाकला : खाडीचा अर्धा तास वजा केला तर फरक कुठे दहा मिनिटं, कुठे वीस. अख्ख्या वादात त्याचं पहिल्यांदाच एक वाक्य विनाअट आलं, ‘पद्धत बरोबर आहे.’ कोणीतरी विचारलं, हे ॲप कोणतं? तिघांनी उत्तर दिलं, काका. ज्यानं लायसनची टर उडवली होती त्यानं आपलं वाक्य पुसून टाकलं. जागृतीनं त्याला सांगितलं, पुसू नको, खाली माफी लिही. त्यानं लिहिली.

तिनं ते सगळं ओटीवर बसून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. धर्मानं ऐकून घेतलं.

“बरा झाला,” तो म्हणाला.

“मी परत घेते तुम्हाला. आत्ता. एक बटण दाबलं की झालं.”

“नको.” त्यानं तिचा हात अडवला. “तुजा बाप म्हनून नको.”

ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही. म्हणावंसं खूप वाटत होतं.

शुक्रवारी जोतीरामनं नवा नियम काढला. यापुढे गटात येणाऱ्या प्रत्येकानं एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं : ‘अवकाशाशी किंवा तंत्रज्ञानाशी तुमचा संबंध काय?’ उत्तर दोन्ही ॲडमिननी मंजूर करायचं. जागृतीचं डोकंच फिरलं. म्हणजे आता डिग्र्या मागणार? तिनं जोतीरामला सणसणीत निरोप लिहिला, की असल्या प्रश्नावर निम्मं वाशीगाव, तुर्भं आणि कोपरखैरणं दारातूनच परत जाईल. त्याचं उत्तर आलं, ‘मी डिग्री विचारलेली नाही. संबंध विचारलाय. शब्द नीट वाच.’ तिनं तो शब्द पुन्हा वाचला आणि ती आणखी चिडली.

शनिवारी दुपारी आई मासळी वाळत घालत होती आणि जागृती ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. धर्मा जेवून आत गेला होता. आतून त्याचा आवाज येत होता, थांबत थांबत, एक एक शब्द तोडून, फोनला तोंड लावून बोलल्यासारखा. मग तो थांबला.

स्क्रीनवर सदस्यत्वाची एक विनंती आली. उलव्याच्या चौदाव्या मजल्यावरून तिला आधीच एक मंजुरी पडली होती, आणि तीही शुद्धलेखन न सुधारता. दुसरी मंजुरी राहिली होती. जागृतीनं अर्ज उघडला. नाव : धर्मा बुधाजी कोळी. संबंध काय, या रकान्यात लिहिलं होतं :

‘चंद्रावर पोट हाय. बेचालीस वर्सं.’