कपाळावरचा थेंब

माझ्या पोटात जेमतेम दोन चमचे तेल मावतं, आणि तेवढ्यावरच माझं सगळं आयुष्य गेलं. मित्रांनो, मी एक जुनी पितळी कुपी आहे.

नगरच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. आतून कल्हई केली, तोंडाला फिरकीचं बूच बसवलं आणि एका खेड्यातल्या पाळकसाहेबांच्या हाती दिलं. गावात कुणी अंथरूण धरलं की पाळकसाहेब मला खिशात टाकून सायकलवर टांग मारत. माझ्यातलं तेल बोटानं आजाऱ्याच्या कपाळाला लावत, डोळे मिटून येशूकडे दया मागत. मग डोळे उघडून विचारत, "डॉक्टरला दाखवलं का?" लोक म्हणायचे, कुपीला गुण आहे. ऐकून मी उगाच फुगायचे. खरं तर काही माणसं बरी झाली, काही नाही झाली. पण त्यांच्यातलं कुणी एकटं गेलं नाही, एवढं मी सांगू शकते.

पाळकसाहेबांनंतर मी त्यांच्या सुनेकडे, रत्नाबाईंकडे आले. त्या मुलाजवळ, शैलेंद्रकडे, अमेरिकेत शॉमबर्गला राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या साडीच्या घडीतून मीही आले. इथे मात्र मी सहा वर्षं एका ड्रॉवरमध्ये, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी पडून होते. कुणी बूच फिरवलं नाही.

या मार्चमध्ये शैलेंद्रच्या हृदयाची झडप बिघडली आणि ऑपरेशन ठरलं. रत्नाबाईंनी मला शोधून काढलं, राखेऐवजी बेकिंग सोड्यानं घासलं, दुकानातलं ऑलिव्ह तेल भरलं. ऑपरेशनच्या दिवशी इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीनं उपास-प्रार्थना ठेवली होती. सकाळीच पास्टर अमित यांचा फोन आला.

"सलाम, रत्नाकाकू. शुगरवाल्यांनी उपास करायचा नाही हं. तुम्ही नुसती प्रार्थना करा."

"हो हो," रत्नाबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "लेकराचं काळीज उघडणार, आणि मी पोहे खात बसू?"

सून विनीता हॉस्पिटलला निघण्यापूर्वी त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन देऊन गेली होती. पोहे झाकून ठेवले होते. "आई, लगेच खा हं," असं दारातून दोनदा सांगितलं होतं. तिची गाडी वळली आणि पोहे कचऱ्याच्या डब्यात गेले. मित्रांनो, मी ते पाहिलं. पण कुपीला तोंड असतं, बोलता येत नाही.

घरात त्या दोघीच होत्या, रत्नाबाई आणि नऊ वर्षांची नात नैना. रत्नाबाई मला मुठीत धरून गुडघ्यांवर बसल्या आणि हलक्या आवाजात गाऊ लागल्या:

थेंब माझा इवला, दया त्याची सागर
लेकराच्या उशाशी, देवा घाल पदर.

पहिल्यांदा आवाज गोड होता. मग सूर लटपटला. मुठीला घाम सुटला, मी निसटू लागले. बोटं थरथरत होती, माझं बूच खडखड वाजत होतं.

"आजी! तुझे हँड्स शेक होतायत!"

"प्रभूचा स्पर्श झालाय गं," रत्नाबाई हसल्या. "आत्मा उतरलाय. आता तुझ्या बाबाला काही होत नाही."

"मग एवढा स्वेट का येतोय?"

"त्याचं तेजच तसं आहे, बाळा."

मी किती तळव्यांत राहिले आहे! प्रार्थनेनं कापणारा हात ऊबदार असतो. हा हात बर्फासारखा गार होता. रत्नाबाईंनी नैनाला "शैलू" म्हणून हाक मारली, आणि मी मुठीतून निसटून गालिच्यावर पडले.

नैनानं आईला फोन लावला. उचलला नाही. मग तिनं लतामावशींना लावला. त्या मंडळीतल्याच, नर्स, दोन गल्ल्या सोडून राहतात.

"काही खाल्लंय का आजीनं?" फोनमधून आवाज आला.

नैनानं डब्यात डोकावून पाहिलं. "नो. पोहे इथेच आहेत."

"ज्यूस दे आधी. मी निघालेच. गिळता येत नसेल तर काही पाजू नकोस, नाइन-वन-वन लाव."

नैना संत्र्याचा रस घेऊन धावत आली. रत्नाबाईंनी ओठ घट्ट मिटले. "उपास मोडायचा नाही. मोडला तर शैलू..."

"आजी, प्लीज!"

"नाही म्हटलं ना!"

पेल्यातला थोडा रस सांडला. नैना रडत होती. मग डोळे पुसून तिनं आजीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आजी, संडे स्कूलमध्ये तूच शिकवलंस. ती याईरची मुलगी मेली होती. येशूनं तिला उठवलं. मग काय सांगितलं त्यानं? प्रे करा म्हणाला?"

रत्नाबाईंचे शब्द कुठून तरी लांबून येत होते.

"खायला द्या म्हणाला," त्या हळूच बोलल्या.

"मग?"

रत्नाबाईंनी ओठ उघडले. एक घोट. दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, पण त्या प्यायल्या.

लतामावशी आल्या, बोट टोचून साखर तपासली, ती फार खाली गेली होती. "काकू, आणखी थोडा वेळ गेला असता तर झडपवाल्या शैलेंद्रला शुद्धीवर आणून तुमचीच बातमी द्यावी लागली असती!" त्या रागावल्या आणि त्याच हातानं पोळीचा घास भरवू लागल्या. रत्नाबाई घासागणिक रडत होत्या. "देव रागावेल का गं, लता?"

"तुम्ही उपाशी राहिलात तरच तुमच्या लेकराला हात लावेन, असा भाव करणारा आहे का तो?"

रत्नाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी मला उचललं, तेलाचा थेंब बोटावर घेतला आणि नैनाच्या कपाळाला लावला.

संध्याकाळी विनीताचा फोन आला. झडप बसली होती. पुढचे दोन दिवस जपायचे होते. शैलेंद्रनं शुद्धीवर येताच घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न विचारला होता: "आई जेवली का?"

मित्रांनो, दयेसाठी हात जोडा, खुशाल जोडा. मी तेवढ्यासाठीच जन्मले. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस आपल्या माणसांसाठी डोळे मिटून बसलं असेल, तर त्याच्या शेजारी जरा टेका. त्याचा हात हातात घ्या. गार लागला, तर त्याचं आमेन होईपर्यंत थांबू नका.