गोळा थांबेना

विज्ञानाच्या बाई अकरा वर्षं हंगामी होत्या. त्यांना कायम करायचं की घरचा रस्ता दाखवायचा, हे त्या सोमवारी ठरणार होतं. तपासनीस साहेब मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांच्या कागदावर दोनच प्रश्न होते: प्रयोग पूर्ण झाला का? शिक्षिकेचा नियमावर विश्वास आहे का?

बाईंनी वर्गातला पंखा उतरवून त्याच्या हुकाला तारेने गोळाफेकीचा लोखंडी गोळा टांगला होता. फळ्याला पाठ लावून त्यांनी तो नाकाशी धरला.

"उंचीवरची ऊर्जा खाली येताना वेगात जाते, पलीकडे चढताना पुन्हा उंचीत. थोडी वाटेत हवेला जाते, थोडी हुकाला. नाहीशी होत नाही. म्हणून गोळा परत येईल, पण माझ्या नाकाला लागणार नाही. मग हळूहळू थांबेल. तोवर मी जागची हलणार नाही."

त्यांनी गोळा सोडला. तो गेला, आला, नाकाच्या बोटभर अलीकडे वळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं यथासांग झालं.

पण गोळा काही थांबेना. तास संपला, शाळा सुटली, गोळा आपला दर खेपेला बोटभरावरच येऊन वळत होता.

"थांबल्याशिवाय पूर्ण कसा लिहू?" साहेब म्हणाले. ते नियमाने चालणारे होते, म्हणजे बसलेलेच राहिले.

आणि हललं तर विश्वास नाही असं लिहितील, हे बाईंना न सांगता कळत होतं. त्या उभ्याच राहिल्या. मंगळवारी नवरा डबा घेऊन आला आणि गोळा पलीकडे गेला की पटकन एक घास भरवायचा. "लग्नात घास घ्यायला लाजत होतीस," तो म्हणाला, तर बाईंना हसताही येईना. मुख्याध्यापकांनी दारातून डोकावून "चालू द्या" म्हटलं. छप्पर कोसळलं असतं तरी ते हेच म्हणाले असते. साहेबांनी खिडकी बंद करवली, हुकाला तेल घातलं, मग तेल पुसलं. गोळ्याने कुणाला भीक घातली नाही.

बुधवारी चष्मेवाल्या मुलीने हात वर केला.

"बाई, गोळा वळला की तुम्ही हुश्श करता. दर वेळी. तुमची फुंकर त्याला ढकलते. झोपाळ्याला देतात तशी."

साहेबांनी पेन उघडलं. "खिडकीतून वारा आला असेल," ते म्हणाले. भला माणूस, सुटकेची वाट दाखवत होता. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांना हप्त्यांवरचा फ्रिज आठवला, आणि समोर चाळीस तोंडं दिसली. त्यांना त्या तोंडांची फार लाज वाटली.

"खिडकी बंद आहे, साहेब. हुश्श माझंच. मला भीती वाटते. अकरा वर्षं हा प्रयोग करते, अकरा वर्षं वाटते."

"मग नियमावर विश्वास?"

"आहे ना. म्हणून तर उभी आहे. भीती वेगळी."

बोलून झालं आणि त्यांना मोकळं वाटलं. हुश्श करायला काही उरलंच नाही. गोळा दोन बोटं अलीकडे वळला, मग वीतभर, आणि वर्गाच्या मधोमध थांबला.

साहेबांनी पहिल्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. दुसऱ्यापाशी पेन अडलं. "घाबरणाऱ्याचाही विश्वास असतो का, हे मला तपासावं लागेल," म्हणत ते उठले, फळ्याला पाठ लावून उभे राहिले आणि गोळा नाकाशी धरून सोडला.

गोळा परत येताना त्यांचे डोळे बशीएवढे झाले. वळला. "हुश्श," साहेब म्हणाले. पुन्हा आला. "हुश्श."

"तोंड मिटा, साहेब."

"मिटत नाहीये हो, बाई!"

"मग भीती वाटते म्हणा."

"तपासनिसाला असं म्हणता येत नाही."

"हंगामी बाईलाही येत नव्हतं."

गोळा आणखी सात वेळा आला. आठव्यांदा साहेबांनी खिशातला कागद काढून, न बघता हात लांब करून बाईंच्या हाती दिला.

"दुसऱ्या प्रश्नाचं 'होय' तुम्हीच लिहा, मला जागचं हलता येत नाही," ते म्हणाले, आणि मग, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, "मला भीती वाटते!"